ट्रेलर : संगीत आणि एडिटिंग

येणाऱ्या पिक्चरची दोन-अडीच मिनिटांची जाहिरात म्हणजे ट्रेलर, हे सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून या नोंदीत फक्त त्यातलं म्युझिक आणि कटिंग घेतलंय.

पहिला ट्रेलर कुठला यावर वाद आहे. पॅरामाउंट या फिल्म कंपनीच्या लू हॅरिसनं १९६६ मध्ये सांगितलेल्या आठवणीप्रमाणे तो १९१२ ला न्यूयॉर्कजवळच्या राय बीचवर ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ या सिरियलच्या भागाच्या शेवटी दाखवला, पण ती सिरियलच मुळात १९१३ च्या डिसेंबरात आली, त्यामुळे निदान हे साल तरी जमत नाही. दुसरं मत नील्स ग्रॅनलंडच्या बाजूचं, त्यानं १९१३ मध्ये मार्कस लोच्या थिएटरांसाठी ‘द प्लेझर सीकर्स’ या स्टेजवरच्या संगीत नाटकाच्या तालमीची छोटी फिल्म केली. हे जास्त पटण्यासारखं आहे, फक्त ती जाहिरात सिनेमाची नव्हती, नाटकाची होती! दोन्ही मूकपटाच्या काळातल्या, म्हणजे फिल्मवर आवाज नाहीच.

आताचा ट्रेलर मात्र बहुतेक वेळा आधी कानानं कापला जातो. एडिटर टाइमलाइनवर पहिल्यांदा म्युझिक आणि डायलॉग टाकतो, चित्रं नंतर बसवतो. आणि ते म्युझिक बऱ्याचदा त्या पिक्चरचं नसतंच, कारण ट्रेलर कापायला घेतात तेव्हा बॅकग्राउंड म्युझिक रेकॉर्डच झालेलं नसतं. मग इमीडिएट म्युझिक किंवा टू स्टेप्स फ्रॉम हेलसारख्या खास ट्रेलरसाठी म्युझिक करणाऱ्यांकडून ट्रॅक घेतात. कधी दुसऱ्याच पिक्चरची धून येते : २००२ च्या ‘द टू टॉवर्स’च्या (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दुसरा भाग) ट्रेलरसाठी संगीतकार क्लिंट मॅन्सेलची ‘रेक्वियम फॉर अ ड्रीम’ (२०००) मधली धून कोरस घालून नव्यानं बसवली, आणि पुढं तीच कितीतरी ट्रेलरांत वाजली.

बीटवर कट म्हणजे काय तर हिशोब असा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, ट्रॅक १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोके), म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला ठोका, म्हणजे बरोबर १२ फ्रेम. ९० ला १६, ९६ ला १५, इथपर्यंत सगळं छान. पण १०० बीपीएमला एका ठोक्याला १४.४ फ्रेम येतात आणि फ्रेम काही अर्धी कापता येत नाही, मग १४-१४-१५ असं करत पाच ठोक्यांना ७२ फ्रेम जुळवायच्या. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत तर १२० चा ट्रॅकसुद्धा साडेबारावर अडकतो. प्रत्येक ठोक्यावर कापलं तर बघणाऱ्याला पुढचा कट आधीच कळतो आणि मजा जाते, म्हणून चांगले एडिटर मधेच ठोका सोडतात, किंवा कट एखाद-दोन फ्रेम अलीकडे घेतात.

ठरलेल्या युक्त्या : चढत जाणारा आवाज (रायझर), धाडकन ठोका (हिट), मग एकदम सगळं बंद, त्या शांततेत एक डायलॉग, आणि परत हिट. टायटलनंतर एखादा जोक किंवा दचका टाकतात, त्याला बटन म्हणतात. ओळखीचं गाणं संथ करून घालायची पद्धत २०१० च्या ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरपासून जोरात आली असं धरतात, त्यात रेडिओहेड या बँडचं ‘क्रीप’ एका बेल्जियन कोरसनं गायलंय.

‘ब्राऽऽम’ या जाड ब्रासच्या (ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांच्या) आवाजाचं श्रेय कुणाला हेही भांडणच आहे. तो ‘इन्सेप्शन’शी (२०१०) जोडलाय. पहिल्या टीझरचा (ट्रेलरच्या आधी येणारी छोटी झलक) आवाज माइक झॅरिनचा, नंतरच्या ट्रेलरमधला ‘माइंड हाइस्ट’ झॅक हेमसीचा, आणि पिक्चरमधलं म्युझिक हान्स झिमरचं, त्यांच्या सांगण्यानुसार चर्चमध्ये पियानोचं पेडल पुस्तकानं दाबून ठेवलं आणि ब्रासवाल्यांना त्यात वाजवायला लावलं. टीझर २००९ मध्येच आला होता, तेव्हा ट्रेलरपुरता झॅरिनचा दावा वजनदार वाटतो.

आपल्याकडे गाणीच मुख्य. रेडिओवर अमीन सयानींचे सिनेमांचे प्रायोजित कार्यक्रम म्हणजे डोळे मिटून ऐकायचे ट्रेलरच होते. जुन्या हिंदी ट्रेलरांत पिक्चरचीच गाणी वाजायची, आणि त्या गाण्यांमागच्या ऑर्केस्ट्रात सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशी गोंयकार मंडळी होती, त्यामुळे ब्रास आणि व्हायोलिनचा तो थाट आपल्या गोव्यातल्या पॅरिश (चर्चच्या) शाळांतून गेला म्हणायला हरकत नाही.

गोव्यात तियात्राची (गाण्यांसकट होणाऱ्या कोकणी नाटकाची) जाहिरात मात्र गाडीवर लाउडस्पीकर लावून होते : कांताराचा (तियात्रातल्या गाण्याचा) तुकडा, तो मधेच तोडून कॉमेडीचा डायलॉग, परत म्युझिक, आणि शेवटी तारीख, जागा, तिकिटं कुठं मिळतील ते. गाडी चालू असते, त्यामुळे एका घराला सगळी जाहिरात ऐकू येत नाही, म्हणून नाव आणि तारीख परत परत घेतात.