पाणपक्षी आणि पिल्ले : छायाचित्राची चौकट व कातरणी

पाणपक्षी आणि त्यांची पिल्ले यांचे एकत्र छायाचित्र घेताना चौकट कशी बांधावी आणि मागाहून ती कोठून, किती कातरावी (क्रॉप करावी), हा पक्षिछायाचित्रणातला वेगळा अभ्यास आहे. एकट्या पक्ष्याच्या चित्रात विषय म्हणजे तो पक्षी. येथे विषय दोन जिवांमधल्या अंतरात असतो. टिबुकलीच्या चोचीत मासोळी आहे, पिल्लाची चोच उघडी आहे आणि मध्ये वीतभर पाणी आहे. ते वीतभर पाणीच चित्राचा जीव आहे. रचनेचे आणि कातरणीचे बहुतेक निर्णय त्या पाण्याचे काय करायचे, यावर ठरतात.

पक्ष्याच्या संगोपनाची रीत चौकटीचा आकार ठरवते. बदकांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण एका दिवसात पाण्यात उतरतात, स्वतःचे अन्न स्वतः टिपतात आणि आईमागे रांगेने पोहतात. त्यामुळे त्यांचे चित्र आडवे, लांबट होते. लांबी-रुंदीचे नेहमीचे 3:2 प्रमाण सोडून 2:1 किंवा 3:1 अशी पट्टी कातरलेलीही त्यांना शोभते. टिबुकली आणि तिच्या कुळातले तुरेवाले ग्रीब पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतात. तिथे सारे एका गोळ्यात सामावते, उभी किंवा चौरस चौकट चालते आणि जवळून कातरलेले चित्रही खुलते : पिसांच्या घडीतून वर आलेले पट्टेदार डोके, बस्स. बगळ्यांची पिल्ले कित्येक आठवडे घरट्यातच असल्याने तेथे फांद्या, काटक्या आणि आभाळाचा उजेड यांच्याशी झगडावे लागते. कमळपक्ष्याच्या बहुतेक जातींत पिल्ले सांभाळतो तो नर. तो त्यांना पंखाखाली धरून चालतो, तेव्हा खाली पिल्लांचे लांबलचक पाय लोंबताना दिसतात. ते पाय पानांत मिसळून जातात म्हणून खालची कड घट्ट कातरली, तर उरतो फक्त एक पक्षी. अशा चित्राखाली ‘आई’ असे लिहिणेही चूकच.

काठावर उभे राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्याला पिल्लांच्या पाठी दिसतात, डोळे नाहीत. लेन्स पाण्याच्या पातळीजवळ आणली की पिल्लू नजरेला नजर देते आणि मागचे पाणी धूसर होऊन एकसंध रंग बनते. मात्र या खालच्या कोनात पुढचे पिल्लू मागच्याला झाकते, म्हणून रांग थोडी तिरपी होईपर्यंत थांबावे लागते.

स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे किती अंतर एका वेळी स्पष्ट येते ते, ही येथली सर्वांत मोठी अडचण. 35 मिमी पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर 500 मिमी लेन्स लावून 10 मीटरवरच्या पक्ष्यावर एफ/5.6 ला (हा लेन्सच्या छिद्राचा अंक; अंक मोठा तितके छिद्र लहान) नेम धरला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 13 सेंमीचा असतो. एफ/11 ला तो सुमारे 26 सेंमी होतो. हंसाच्या मागे हातभर अंतरावर असलेले पिल्लू त्यात मावत नाही. छिद्र लहान करण्यापेक्षा पालक आणि पिल्लू दोघेही कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येण्याची वाट पाहणे अधिक उपयोगी ठरते. दोन्ही डोळे एका प्रतलात आले की मोठ्या छिद्रानेही काम भागते. कातरलेले चित्र नंतर वाढवून पाहिले जाते, तेव्हा ही धूसरता आणखी उघडी पडते. म्हणून कातरायचे ठरवूनच फोटो घेत असाल तर छिद्र थोडे लहान ठेवावे. हंसाचा पांढरा आणि पिल्लाचा करडा रंग एकत्र असताना प्रकाशमापन पांढऱ्यावर करावे. पांढऱ्या पिसांतला तपशील एकदा जळाला की परत येत नाही. वारकरी (कूट) या पाणपक्ष्याचे उलटे : अंग काळे, कपाळावर पांढरी ढाल आणि पिल्लाच्या डोक्याभोवती लाल-नारिंगी पिसे. त्या नारिंगीकडे डोळा आपोआप जातो, म्हणून पिल्लू चौकटीत कोठेही असले तरी हरवत नाही.

पिल्ले क्षणात इकडेतिकडे होतात. म्हणून मूळ चौकट सैल घ्यावी आणि घट्ट करण्याचे काम संगणकावर करावे, हे माझ्या मते या छायाचित्रणातले सर्वांत भरवशाचे धोरण आहे. त्याची किंमत मात्र पिक्सेलांत मोजावी लागते. 24 मेगापिक्सेलचे चित्र 6000 × 4000 पिक्सेलांचे असते. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्या की उरतात 6 मेगापिक्सेल, म्हणजे 3000 × 2000. इंचाला 300 पिक्सेल धरले तर छपाई 10 इंच लांबीची होते. पडद्यासाठी हे पुष्कळ झाले, भिंतीवरच्या मोठ्या चित्रासाठी नाही.

कातरताना कडांकडे आधी पाहावे. अर्धे कापलेले पिल्लू सर्वांत वाईट. ते पूर्ण ठेवावे किंवा पूर्ण वगळावे. रांगेत मागे रेंगाळलेले पिल्लू मात्र सहजासहजी सोडू नये, पुष्कळदा गोष्ट त्याचीच असते. पक्षी ज्या दिशेने पोहतो तिकडे मोकळे पाणी हवे, पण मागे उमटणाऱ्या लाटेचा कोनही शक्यतो राखावा, कारण गती त्यातून कळते. प्रतिबिंब ठेवायचे तर अखंड. चोचीशी तुटलेले प्रतिबिंब खटकते. पाणी तिरके झाले असेल तर डोळा आणि त्याचे प्रतिबिंब जोडणारी रेषा ओळंब्यात आणावी, म्हणजे चित्र सरळ होते. या फिरवण्यात कोपरे जातात, तेवढी जागा आधीच राखलेली बरी. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग पाडून त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर विषय ठेवावा, हा एक तृतीयांशांचा नियम जॉन थॉमस स्मिथ यांनी 1797 मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना मांडला. पालक एका छेदबिंदूवर आणि पिल्लू समोरच्या छेदबिंदूवर अशी मांडणी त्यातून सहज सुचते, परंतु पाठीवरच्या पिल्लाला तिचा काही उपयोग नाही.

लेन्स तीच ठेवून अंतर दुप्पट केले, तर पक्ष्याचे चित्र क्षेत्रफळाने चौथा हिस्सा होते. तेवढे नुकसान कातरून भरून काढता येते आणि म्हणूनच कातरणी हा जवळ जाण्याला पर्याय आहे. मादीची मान ताठ झाली, ती सारखी हाका देऊ लागली, पिल्ले तिच्याभोवती गोळा झाली किंवा सारा परिवार दूर वळला, की छायाचित्रकार फार जवळ आला आहे असे समजावे. पांगलेले पिल्लू गारठते, शिकाऱ्याच्या तोंडी सापडते. घरट्यापुढचे बोरू वा गवत बाजूला करणे म्हणजे त्याचा आडोसाच काढून घेणे. लपणात बसून वाट पाहावी, आडवे येणारे पाते चित्रात राहू द्यावे.

रिचर्ड आणि चेरी किर्टन या ब्रिटिश निसर्गछायाचित्रकार बंधूंनी 1892 मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून अशा चित्रांना पुराव्याचेही मोल आले. पक्षिछायाचित्रकार एमा टर्नर यांनी 1911 मध्ये इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात बिटर्न या बगळ्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या पिल्लाचा फोटो घेतला. ब्रिटनमध्ये वीण थांबलेला हा पक्षी तेथे पुन्हा वीण करू लागल्याचा तो पहिला पुरावा ठरला. निसर्गछायाचित्रांच्या अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरली जाणारी व्याख्या कातरणीला परवानगी देते, कातरण्यावाचून अन्य रीतीने चित्रातली वस्तू काढून टाकायला नाही. तरीही कातरणीने मोजणी बदलते : सहा पिल्लांतली दोन चौकटीत राहिली की पाहणाऱ्याला परिवार दोघांचाच वाटतो. अशा वेळी चित्राखालच्या ओळीत खरी संख्या लिहावी आणि न कातरलेली मूळ फाइल तारीख, ठिकाणासह जपून ठेवावी.