बडोदा संस्थान : माध्यमे, सत्ता आणि संस्कृती

राज्यकर्ते मराठी आणि बहुसंख्य रयत गुजराती, अशा बडोदा संस्थानात छापखाना, ग्रंथालय, चित्रकला व साहित्य यांचा राजसत्तेशी जडलेला संबंध. माध्यमांचे तोंड बांधण्यापेक्षा त्यांचा आश्रयदाता होण्याकडे इथल्या दरबाराचा कल राहिला.

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी १८७५ मध्ये गादीवरून उतरवले. मागाहून दत्तक आलेल्या सयाजीरावांना (तिसरे) १८८१ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. त्यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक चित्रे करवून घेतली. अशा चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना सुचवले होते. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि राजेरजवाड्यांच्या दालनांपुरती असलेली लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांतही खिळ्याला टांगली गेली.

सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाले. पण शाळा सुटल्यावर वाचायचे काय? त्यासाठी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल आणले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. जोडीला पडद्यावरची चित्रेही. ज्ञान दारात येत होते खरे, पण पेटी दरबारचीच.

राजकीय टीकेला वाट मिळे ती बहुधा बाहेर. बडोद्याच्या नोकरीत असताना अरविंद घोष यांनी १८९३-९४ मध्ये काँग्रेसच्या मवाळ धोरणावर निनावी लेखमाला लिहिली, ती मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ या वृत्तपत्रात.

दरबाराबाहेरच्या माध्यमाचा फटका खुद्द महाराजांना बसला तो १२ डिसेंबर १९११ रोजी. दिल्ली दरबारात ते ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्जपुढे रिवाज मोडून एकदाच झुकले आणि पाठ फिरवून परतले. कॅमेरे चालू होते. ती फीत लंडनमध्ये दाखवली गेली, वृत्तपत्रांनी राजद्रोहाचा सूर लावला आणि सयाजीरावांना व्हाइसरॉय हार्डिंग यांना खुलाशाचे पत्र लिहावे लागले. तो बाणेदारपणा होता की निव्वळ गोंधळ, यावर अजून एकमत नाही.

कारभारात गुजरातीला मान देऊनही दरबाराने मराठीचा हात सोडला नाही. १९०९, १९२१ आणि १९३४ ची मराठी साहित्य संमेलने बडोद्यात भरली. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्ष तर स्वतः सयाजीरावच होते. आश्रयदाताच अध्यक्षपदी असताना त्याला चार शब्द कोण सुनावणार? २०१८ मध्ये संमेलन पुन्हा बडोद्यात आले, तेव्हा संस्थान विलीन होऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. त्या व्यासपीठावरून अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी राज्यकर्त्यांना ‘राजा’ असे संबोधून त्यांच्या चुका बोलून दाखवल्या.