कासवाला जोडीदार लागतोच का?

‘एकटं कासव झुरतं, त्याला जोडीदार आणा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. जमिनीवरची कासवं मुळात एकलकोंडी. एक दुसऱ्याच्या मागेमागे फिरतं, त्याच्या अंगावर चढून बसतं, खाण्यासमोर आडवं उभं राहतं, ते आपल्याला प्रेम वाटतं. खरं तर ती दादागिरी असते. आवाज नाही, आरडाओरडा नाही, म्हणून लक्षातच येत नाही. दबलेलं पिल्लू कोपऱ्यात मान आत ओढून बसतं, खाणं सोडतं. मग एकाच वयाच्या दोघांत एक दुप्पट मोठं दिसतं आणि आपण म्हणतो, ‘हे जातीचंच लहान!’ दोघांचं वजन दर आठवड्याला करा. एकाचं वाढत नसेल, तर कृपा करून त्यांना लगेच वेगळं ठेवा, मध्ये आरपार न दिसणारा आडोसा घालून.