आजोबांचा जुना चाकू परदेशी न्यायचाय? अर्ज भरण्याआधी पात्याचं बूड वाचा

घराघरांत असा एखादा चाकू असतोच. बोरू तासायला पणजोबांनी घेतलेला, नंतर सुपारी कातरायला, पेन्सिलीला टोक काढायला वापरलेला. मूठ हाडाची, पातं इंग्लंडातल्या शेफील्डचं. परदेशात असलेल्या नातवाला तो हवा असतो आणि गावाकडचे म्हणतात, ‘घेऊन जा, तुझाच आहे.’ मग विमानतळावर नाहीतर कुरियरच्या काउंटरवर कोणीतरी विचारतं, ‘पुरातत्त्व खात्याचा दाखला कुठाय?’ तिथून धावपळ सुरू होते. मी जुने घडीचे चाकू गोळा करतो. त्यामुळे असे हेलपाटे घालणारी माणसं विचारायला माझ्याकडे येतात, आणि चुका बहुतेक त्याच त्याच असतात. म्हणून हे लिहितोय.

मी बोलतोय ते हाताने उघडायच्या घडीच्या चाकूंबद्दल. त्यात संग्राहकांचा विशेष जीव असतो तो ‘ईझी ओपनर’वर. या चाकूच्या मुठीला एका बाजूने अर्धचंद्रासारखी खाच काढलेली असते. तिथून पात्याची पाठ उघडी दिसते, चिमटीत पकडली की पातं सहज बाहेर येतं. नख खाचेत अडकवून ओढावं लागत नाही. हातमोजे घातलेल्यांसाठी, गारठलेल्या किंवा राठ हातांच्या माणसांसाठी ही सोय. बटण दाबलं की फटकन उघडतो तो चाकू ही वेगळी गोष्ट आणि कायद्याच्या नजरेत त्याची गत फार वाईट. ही दोन्ही एकच समजली गेली की अर्जाचा घोळ तिथेच सुरू होतो.

दाखला कशाचा, आणि कोणाला मिळतो

पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर किंवा जास्त वर्षं जुनी, कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू म्हणजे पुराणवस्तू. ती देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या यंत्रणेला आहे. खासगी माणसाला नाही, मग ती वस्तू सात पिढ्या त्याच्या घरात का असेना. आपल्याला मिळू शकतो तो दाखला उलटा आहे: ‘ही वस्तू पुराणवस्तू नाही.’ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तज्ज्ञ समिती वस्तू प्रत्यक्ष पाहून तो देते. मुंबई परिमंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्याच्या आवारात आहे, चौकशीची सुरुवात तिथून करावी.

हा उलटेपणा लक्षात न आल्यामुळे किती अर्ज वाया जातात! लोक अर्जात अभिमानाने लिहितात, ‘आमच्या खापरपणजोबांचा, सव्वाशे वर्षांहून जुना दुर्मिळ चाकू.’ वर त्याच मजकुराचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडतात. म्हणजे ज्या कारणासाठी दाखला नाकारायचा, ते कारण स्वतःच सही करून दिलं. नाशिकच्या एका कुटुंबाने असंच केलं होतं. त्यांचा चाकू मी भिंगाखाली धरला, तर पात्याच्या बुडाशी ‘वेस्ट जर्मनी’ कोरलेलं होतं. पश्चिम जर्मनी हा देशच मुळी १९४९ साली जन्मला. घरातली गोष्ट खरी असेलही, खापरपणजोबांकडे कोणता तरी चाकू होताच. पण हा तो नव्हता. अर्ज नव्याने भरावा लागला, आणि आधीच्या प्रतिज्ञापत्राचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच उभा राहिला.

तुम्ही मुद्दाम वय कमी सांगा, असं मी म्हणत नाही. खोटं लिहू नका. शंभर वर्षं पुरी झालेली पुराणवस्तू बाहेर नेली तर शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं तुरुंगवास आणि दंड. माझं म्हणणं इतकंच की जे ठाऊक नाही ते ठासून लिहू नका. ‘वडिलांकडून मिळाला, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून’ एवढं खरं असेल तर एवढंच लिहा. वय ठरवणं समितीचं काम आहे.

कोणाकडेच नसलेला कागद

‘खरेदीची पावती आहे का?’ असं विचारलं की माणसं गळाठतात. १९३० साली बोहरी आळीतून घेतलेल्या चाकूची पावती कोण जपून ठेवणार? पण चाकूचा कागद चाकूवरच असतो. पातं उघडा. मुठीत शिरतं तिथे, धार नसलेल्या चौकोनी भागावर कारखान्याचा शिक्का असतो. तो वाचता आला तर अर्धं काम झालं.

शिक्का काही वेळा साफ सांगतो, काही वेळा अर्धंच सांगतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉस तुम्ही पाहिला असेल, भारतात त्यांचे चाकू फार येत. त्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळाचा, म्हणजे १९०१ च्या आधीचा धरतात. तसा चाकू बाहेर जाणार नाही हे गृहीत धरा. ‘जी’ आणि ‘आर’ असेल तर पंचम जॉर्ज १९१० साली गादीवर आला त्यानंतरचा इतकं कळतं, पण चाकू १९१२ चा की १९३४ चा हे त्यावरून कळत नाही. ‘स्टेनलेस’ शब्दाचंही तेच. हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये हे पोलाद १९१३ साली बनवलं, म्हणून त्याआधीचा नाही एवढंच नक्की. अमेरिकेच्या केस कंपनीचा शिक्का मात्र संग्राहकाचा जिवलग. ‘टेस्टेड’ शब्द असेल तर १९२० ते १९४० च्या दरम्यानचा, नुसतं ‘केस एक्सएक्स’ असेल तर १९४० ते १९६४, खाली ‘यूएसए’ जोडलेलं असेल तर १९६५ ते १९६९. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची मोजकी वर्षं. वजीराबादच्या चाकूवर ‘पाकिस्तान’ असेल तर १९४७ नंतरचा, हे सांगायला तज्ज्ञ नको.

समितीपुढे उपयोगी पडतो तो असा शिक्का, जो शंभर वर्षांच्या अलीकडे सुरू झाला. आधी सुरू होऊन पुढे चालू राहिलेला शिक्का तुम्हाला वाचवत नाही. आणि शंभर वर्षांची ही रेघ एका जागी उभी नसते, हेही बघा. १९३२ सालचा चाकू आज सुटेल, २०३२ मध्ये सुटणार नाही. ‘पुढच्या दिवाळीला नेऊ’ करत बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणखी एक गैरसमज: ‘पण हा तर इंग्लंडचा आहे, भारताची पुराणवस्तू कसा?’ कायद्यात वस्तू कुठे बनली याची अट नाही. ती आज भारतात आहे, एवढं पुरे. म्हणूनच परदेशी राहणाऱ्या संग्राहकांनी आपला जुना चाकू हौसेने इकडे दाखवायला आणू नये. आणायचाच असेल तर येताना कस्टम्सकडे जाहीर करा आणि तो कागद जिवापाड जपा, नाहीतर परत नेताना तुम्हीच अडकाल.

एक विनवणी. अर्ज करण्याआधी चाकू चकचकीत करायला धारवाल्याकडे देऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी चांगल्या हेतूने, साहेबांना बरं दिसावं म्हणून, चाकू सहाणेवर घासून आणला. पातं आरशासारखं झालं आणि शिक्का पुसला गेला. होता तो एकमेव पुरावा गेला. त्या चाकूचं वय आता कोणीच सांगू शकत नाही. शिक्का अस्पष्ट असेल तर त्यावर बोटाने टाल्कम पावडर चोळा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, अक्षरं उभी राहतात. त्याच उजेडात फोटो काढा. पातं अडकलं असेल तर सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा, पकडीने ओढू नका.

मुठीकडे बघा, नीट बघा

पुरातत्त्वाचा दाखला मिळाला म्हणजे सगळं झालं असं समजून निघालेली माणसं मुठीपाशी अडकतात. मूठ हस्तिदंताची असेल तर परदेशाचा विषय तिथेच संपला. सांबरशिंगाच्या वस्तूंची निर्यातही बंद आहे. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागतो, आणि एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात चालत नाही.

पिवळसर मूठ म्हणजे हस्तिदंतच असं नाही. बहुतेक चाकूंची मूठ गुराच्या हाडाची असते. हाडात बारीक काळपट टिंबं, रेघोट्या दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडला (जुन्या काळचं प्लॅस्टिक) घासलं की कापराचा वास येतो. भिंग घेऊन खात्री करा आणि अर्जात ‘मूठ: हाड’ असं स्पष्ट लिहा. ‘पांढरी मूठ’ लिहून प्रश्न ओढवून घेऊ नका.

हस्तिदंत असेलच तर घरात ठेवायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचं मालकी प्रमाणपत्र लागतं. वारसाने अशी वस्तू मिळाली तर मिळाल्यापासून ९० दिवसांत जाहीर करायची, असा नियम आहे. लोक हे ९० दिवस वाटणीपत्र झाल्यापासून मोजतात, काही जण कपाट उघडलं त्या दिवसापासून. मृत्यूनंतर लगेच कागद करा, हा माझा सल्ला. आणि ज्यांच्या आजोबांनी मुळात प्रमाणपत्रच घेतलं नव्हतं त्यांचं काय? २००३ साली केंद्राने १८० दिवसांची जाहीर करायची संधी दिली होती. ती कित्येक घरांपर्यंत पोचलीच नाही. वाड्यातल्या म्हाताऱ्या बाईने राजपत्र वाचावं अशी अपेक्षा धरणाऱ्या व्यवस्थेची मला चीड येते. अशांनी वकिलाशी बोलून वन खात्याकडे जावं, विकायचा विचारही करू नये.

शस्त्र परवान्याची भीती

‘चाकू आहे म्हणजे पोलिसांचं लायसन हवं ना?’ असं प्रत्येक जण विचारतो. शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात. घरगुती कामाचे चाकू त्यातून वगळले आहेत. आपल्या ईझी ओपनरचं पातं तीन-साडेतीन इंचांचं. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरायला मनाई करणारे आदेश वरचेवर निघतात, म्हणून चाकू खिशात टाकून कार्यालयात जाऊ नका. डबीत बांधून, अर्जाच्या प्रतीसह न्या.

बटणाचा चाकू असेल तर वाट बदला. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणदार, गरारीदार आणि यंत्राच्या कळीने उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर, परवान्याखाली आणले. ब्रिटनमध्ये २०२१ पासून फ्लिक नाइफ, म्हणजे बटणाचा चाकू, स्वतःच्या घरात बाळगणंही गुन्हा आहे. असा चाकू नातवाला पाठवून त्याला अडचणीत टाकू नका.

अर्जाला जोडायचं ते

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, चाकू कसा मिळाला याची थोडक्यात हकिगत आणि इतर वारसांची लेखी संमती. संमती कुठे मागतीलच असं नाही, पण पुढे भावंडांत वाद नको. फोटो मागतात त्याहून दोन संच जास्त न्या. फोटोत चाकू उघडा, मिटलेला आणि शिक्का जवळून, असे तिन्ही असू द्या. मिटलेल्या फोटोत अर्धचंद्राची खाच दिसलीच पाहिजे. त्या एका फोटोने ‘हा कळीचा चाकू नाही, हाताने उघडतो’ हे बोलण्याआधीच कळतं.

समितीने पुराणवस्तू ठरवली आणि वाद उभा राहिला तर तो सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. तिथला निर्णय अंतिम. नकार आला म्हणून चाकू जप्त होत नाही, तो घरात ठेवायला हरकत नाही. सक्तीची नोंदणी शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा जाहीर केलेल्या प्रकारांनाच आहे, खिशातल्या चाकूला नाही. एजंट ‘रजिस्ट्रेशन करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

दाखला मिळाल्यावर पार्सलने पाठवणार असाल तर कुरियरवाल्याने कागदावर मालाच्या वर्गाचा (एचएस) कोणता क्रमांक टाकला ते बघा. घडीचा चाकू ८२११ ९३ मध्ये बसतो. ९३०७ हा तलवारी-संगिनींचा क्रमांक. घाईत तो टाकला की पार्सल शस्त्राच्या रांगेत जातं. स्वतः नेणार असाल तर चाकू चेक-इन बॅगेत, हातातल्या सामानात कधीच नाही. मूळ दाखला मात्र हातातल्या फाइलमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत चाकूच्या डबीत.