नर्सिंग अभ्यासक्रमाचे क्षमताधिष्ठित मॅपिंग

नर्सिंग महाविद्यालयात शिकवला जाणारा विषय, त्यातला घटक, वॉर्डातले पोस्टिंग आणि त्यावरची परीक्षा यांपैकी कशातून विद्यार्थ्याची कोणती क्षमता घडते आणि ती कुठे तपासली जाते, हे एका तक्त्यात जुळवून पाहण्याची पद्धत. तक्त्यात एका बाजूला विषय असतात, दुसऱ्या बाजूला अपेक्षित क्षमता, आणि चौकटीत पातळीची नोंद: इथे फक्त ओळख करून दिली आहे, सराव घेतला आहे, की विद्यार्थी हे काम स्वतंत्रपणे करू शकतो याची खात्री केली आहे. क्षमता म्हणजे ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती यांचा प्रत्यक्ष कामात दिसणारा एकत्रित परिणाम. सलाईन लावण्याची कृती पाठ असणे, मॅनिकिनच्या (सरावासाठीच्या पुतळ्याच्या) हातावर सुई बरोबर जाणे आणि घाबरलेल्या रुग्णाला समजावत, हात धुऊन, नाव तपासून सलाईन लावणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली तिसरी साधली की क्षमता आली असे म्हणता येते.

या विचाराची मुळे नर्सिंगच्या बाहेरही आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९७३ मध्ये बुद्धिमापनाऐवजी कामाची क्षमता तपासा, असा आग्रह धरला. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ असा परिचारिकेचा पाच टप्प्यांचा प्रवास मांडला, तर जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनासाठी ‘माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो’ अशी चार पायऱ्यांची उतरंड सांगितली. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांपलीकडे जाऊ शकत नाही. तिसरीसाठी रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ ही टप्प्याटप्प्याने फिरत द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा उपयोगी पडते. चौथी पायरी मात्र वॉर्डातच तपासावी लागते.

भारतात या कामाला खरी निकड आली ती नर्सिंग शिक्षणाचे नियमन करणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमामुळे. जुलै २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासक्रमाने वार्षिक पद्धत काढून चार वर्षांची आठ सत्रे आणि श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे तास मोजण्याचे एकक) आणले. वीस आठवड्यांच्या सत्रात एक श्रेयांक म्हणजे तासिकेचे २०, स्किल लॅबचे (कृतींच्या सरावाच्या प्रयोगशाळेचे) ४० किंवा क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे, ८० तास. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आराखड्यावरून घेतलेल्या दहा गाभा क्षमताही त्यात दिल्या आहेत: रुग्णकेंद्री सेवा, व्यावसायिकता, अध्यापन व नेतृत्व, आरोग्यव्यवस्थेचे भान, आरोग्य माहिती तंत्रज्ञान, संवाद, संघकार्य, सुरक्षितता, गुणवत्ता सुधारणा आणि पुराव्यावर आधारित सेवा. प्रत्येक घटकापुढे अध्ययन निष्पत्ती, अध्यापनाची रीत आणि मूल्यमापन यांचे रकाने आहेत. त्यामुळे मॅपिंगचा कच्चा माल महाविद्यालयाच्या हाती आयताच येतो. मात्र घटक आणि गाभा क्षमता यांची सांगड आपापल्या ठिकाणच्या शिक्षकांनाच घालावी लागते.

ती कशी घालतात हे ‘सुरक्षितता’ या एका क्षमतेवरून पाहता येते. पहिल्या सत्रात नर्सिंग फाउंडेशनमध्ये हात धुणे आणि संसर्ग नियंत्रण येते, दुसऱ्या सत्रात औषध देण्याची पद्धत, तिसऱ्या सत्रात फार्माकॉलॉजी आणि उपयोजित सूक्ष्मजीवशास्त्र. पाचव्या सत्रात बालआरोग्य परिचर्या सुरू होते तेव्हा औषधाचा हिशेब वजनावर येतो. १२ किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलीत १२५ मिलिग्रॅम’ असेल तर ७.२ मिली आणि ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’ असेल तर ३.६ मिली. पहिल्या बाटलीचे माप दुसऱ्या बाटलीतून काढले की बाळाला दुप्पट औषध जाते. आता तक्ता काय विचारतो ते पाहा. हा हिशेब विद्यार्थिनीने फळ्यावर सोडवला, की दोन्ही बाटल्या समोर ठेवून लेबल वाचून औषध काढून दाखवले? तोंडी परीक्षेत औषधाचे ‘राइट्स’ (योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा वगैरे) म्हणून दाखवणाऱ्या मुलीने रात्रपाळीत, शेजारच्या खाटेवरचे मूल रडत असताना, मनगटावरची पट्टी तपासली का? या प्रश्नांची उत्तरे ज्या चौकटीत मिळत नाहीत ती चौकट, टिकमार्क असूनही, रिकामीच मानायला हवी.

मॅपिंग बिघडते ते नेमके इथे. तपासणी समिती येणार म्हणून एका बैठकीत तक्ता भरायचा ठरला की प्रत्येक विषयाचे शिक्षक प्रत्येक क्षमतेपुढे खूण करतात, कारण संवाद आणि व्यावसायिकता आमच्या विषयात नाही, असे कोणालाच म्हणवत नाही. सगळा तक्ता भरलेला दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुळलेली ३-२-१ (दाट, मध्यम, पुसट संबंध) अशी गुणांकनाची रीत आता नर्सिंगमध्येही आली आहे. पण आकडा कुठल्या आधारावर दिला हे शेजारी लिहिले नाही तर तोही अंदाजच ठरतो. प्रामाणिक तक्त्यात मोकळ्या जागा दिसतात, आणि त्या दिसाव्यात यासाठीच तर हा खटाटोप आहे. आरोग्य माहिती तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विषय दुसऱ्या सत्रात आहे; ज्या रुग्णालयात पोस्टिंग आहे तिथे सगळ्या नोंदी रजिस्टरवर होत असतील तर पुढे ही क्षमता वापरायला जागाच उरत नाही. नर्सिंग संशोधन सातव्या सत्रात येते. तोवर ‘असे का करायचे’ याचे उत्तर ‘सिस्टरांनी सांगितले म्हणून’ एवढेच राहणार असेल, तर पुराव्यावर आधारित सेवेचा धागा तिसऱ्या-चौथ्या सत्रातल्या केस प्रेझेंटेशनमध्ये मुद्दाम गुंफावा लागतो.

महाविद्यालयाला बदल करता येतो तो कुठे, हेही पाहावे लागते. महाराष्ट्रात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांना सत्राअखेरच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून येते. अभ्यासक्रमात बहुतेक लेखी विषयांची वाटणी अंतर्गत २५ आणि सत्राअखेर ७५ गुण अशी आहे. म्हणून शिक्षकांच्या हातात राहतात ते अंतर्गत मूल्यमापन, स्किल लॅब आणि क्लिनिकल पोस्टिंग. मॅपिंगचे फळही तिथेच मिळते. लॉगबुक, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कृतींची नोंदवही, हा त्यातला सर्वांत मोलाचा कागद. कृती किती वेळा केली यापेक्षा विद्यार्थी ती देखरेखीविना, वाजवी वेळेत करू शकतो का हे पाहून प्रिसेप्टरने (वॉर्डात शिकवणाऱ्या अनुभवी परिचारिकेने किंवा शिक्षकाने) सही करावी, अशी त्यामागची अपेक्षा आहे. सत्र संपताना एका दुपारी पन्नास लॉगबुकांवर एकदम सह्या झाल्या की तक्त्यातली शेवटची पातळी निव्वळ कागदावर गाठली जाते. यात दोष एकट्या ट्यूटरचा नसतो. वॉर्डात मुलींच्या मानाने शिक्षक कमी आणि इनचार्ज सिस्टर आधीच कामाच्या ओझ्याखाली असतील, तर प्रत्येकीला जवळ उभे राहून पाहणार कोण? मनुष्यबळाचा प्रश्न बाजूला ठेवून केलेले मॅपिंग टिकत नाही.

अमेरिकेत हेच काम वेगळ्या मापाने चालले आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगने एप्रिल २०२१ मध्ये स्वीकारलेल्या ‘एसेन्शियल्स’मध्ये दहा क्षेत्रे आणि आठ सूत्रसंकल्पना आहेत, आणि प्रत्येक क्षमतेखालच्या उपक्षमता पदवीच्या आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी दोन पातळ्यांवर लिहिल्या आहेत. लोकसंख्येचे आरोग्य हे तिथे स्वतंत्र क्षेत्र आहे. आपल्या दहा क्षमतांत ते वेगळे नाही, जरी सामुदायिक आरोग्य परिचर्या पाचव्या आणि सातव्या सत्रात सविस्तर शिकवली जाते. गावातल्या उपकेंद्रावर लसीकरण सत्र घेणारी, शीतपेटीतल्या लसी सांभाळणारी विद्यार्थिनी नेमकी कोणत्या चौकटीत बसवायची, हा प्रश्न त्यामुळे इथल्या शिक्षकांना पडतो. बहुतेक जण ती आरोग्यव्यवस्थेचे भान आणि सुरक्षितता या दोन्हींत मांडतात, आणि ते योग्यच आहे. एक काम एकाच चौकटीत बसले पाहिजे असा नियम नाही.

तक्ता एकदा करून कपाटात ठेवण्याचा नसतो. पोस्टिंगचे रुग्णालय बदलले, एखाद्या वॉर्डात प्रसूतींची संख्या घटली किंवा आठव्या सत्रातल्या इंटर्नशिपमध्ये एकाच कृतीत अनेक जणी अडखळल्या, तर ती कृती कोणत्या सत्रात आणि कोणाकडून शिकवली गेली हे मागे जाऊन तपासतात आणि पुढच्या तुकडीसाठी त्या सत्राचे पोस्टिंग, स्किल लॅबचे तास आणि ऑस्कीचे टप्पे बदलतात.