सोव्हिएत म्हणजे सगळं रशियन?

‘सोव्हिएत संघ म्हणजे रशियाच, तिथल्या बाकी भाषा रशियनच्या बोली.’ तिकडचं राजकारण शिकायला निघालेल्यांना हे हमखास ऐकवलं जातं. असा समज होणं साहजिक आहे, आपल्याकडे दोन्ही नावं सर्रास एकाच अर्थानं वापरली जायची. पण १९९१मध्ये संघ विसर्जित झाला तेव्हा त्यातून १५ देश निघाले. रशिया त्यांतला एक.

भाषांचं पडताळायचं तर आकडे मोजा. एक-दोन-तीनला रशियनमध्ये ‘अदीन, द्वा, त्री’. एस्टोनियनमध्ये ‘युक्स, काक्स, कोल्म’, म्हणजे फिनिशची बहीण. ताजिक तर फारसीच्या घरातली: पाच म्हणजे ‘पंज’, सात म्हणजे ‘हफ्त’. (आपला ‘हप्ता’ त्याच फारसी साताचा.) जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या लिप्याही स्वतंत्र, त्यांच्या नोटांवरच दिसतात. रशियन तिथं अनेकांना येते, कारण ती संघाची सामायिक भाषा होती.