हॉथॉर्न प्रयोग

हॉथॉर्न प्रयोग : अमेरिकेत शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावी, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेली प्रयोगमालिका. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या या कारखान्यात भरभराटीच्या काळात सुमारे ४०,००० माणसे कामाला होती. कामगार मन लावून काम का करतो आणि कधी हात आखडता घेतो, या प्रश्नाचा मागोवा येथे वर्षानुवर्षे घेतला गेला. कामगारांच्या भावनांना आणि आपसांतल्या नात्यांना महत्त्व देणाऱ्या, व्यवस्थापनशास्त्रातील ‘मानवी संबंध’ विचारसरणीचा पाया या प्रयोगांत आहे. वाणिज्य आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांना ते एल्टन मेयो यांच्या नावाने ठाऊक असतात. प्रत्यक्षात सुरुवात कंपनीच्या अभियंत्यांनी केली होती. हार्वर्ड विद्यापीठाचे मेयो १९२८ मध्ये त्यात आले.

पहिला प्रश्न अगदी साधा होता : उजेड वाढवला तर काम वाढते का? उजेड वाढवला, काम वाढले. पण तुलनेसाठी ठेवलेल्या, जुन्याच उजेडात बसणाऱ्या गटाचेही काम वाढले. पुढे उजेड कमी करत करत चांदण्याइतका मंद केला, तरी दोन कामगार स्त्रियांनी आपला वेग सोडला नाही. दिव्यांपलीकडचे काहीतरी काम घडवत आहे, एवढे अभियंत्यांच्या लक्षात आले.

ते काय असावे हे पाहण्यासाठी एप्रिल १९२७ मध्ये सहा तरुणींना मोठ्या विभागातून काढून वेगळ्या खोलीत बसवले. पाच जणी टेलिफोनचे रिले (विजेने चालू-बंद होणारे छोटे स्विच) जुळवत, सहावी त्यांना सुटे भाग पुरवी. साधारण पस्तीस बारीक भागांचा एक रिले मिनिटभरात तयार होई. तो समोरच्या घसरणीत टाकला की सरकत्या कागदी पट्टीवर एक भोक पडे आणि कोणी, कधी, किती रिले केले याची आपोआप नोंद होई. खोलीतली हवा, दमटपणा, मुलींची झोप, जेवण, सगळे टिपले जाई. ठरावीक काळाने डॉक्टरी तपासणी असे आणि त्या दिवशी आइस्क्रीम-केकही मिळे. मजुरी आता मोठ्या विभागाच्या नव्हे, या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागली. मग एकेक बदल झाले : पाच मिनिटांच्या दोन सुट्ट्या, नंतर दहा मिनिटांच्या, सकाळचे खाणे, अर्धा तास लवकर घरी. उत्पादन चढत गेले. शेवटी सगळ्या सवलती काढून मूळचा अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा परत आणला, तरी आठवड्याचा आकडा चढाच राहिला. तासामागचा वेग मात्र तेव्हा काहीसा उतरला होता, आणि ही बाब पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

आणखी एक गोष्ट अशीच गाळली जाते. फार बोलतात, काम कमी करतात म्हणून जानेवारी १९२८ मध्ये दोघींना या खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. त्यांतल्या एकीवर घरची जबाबदारी होती, तिला पैशांची निकड होती, आणि खोलीचा वेग वाढवण्यात तिचा मोठा वाटा होता. ‘आपुलकीने विचारपूस केली, काम वाढले’ असे सांगताना त्या काढून टाकलेल्या दोघींनाही हिशेबात धरले पाहिजे.

१९२८ पासून २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारत; माणसे उत्तर सोडून मनातले बोलू लागली, तेव्हा प्रश्न बाजूला ठेवून नुसते ऐकून घेण्याची पद्धत आली. एका मुलीला बोलता बोलता उमगले की ज्या वरिष्ठाचा तिला राग येई, तो तिला तिच्या नावडत्या सावत्र बापासारखा वाटत होता.

सर्वांत मोलाचा भाग शेवटचा, आणि तोच सर्वांत कमी शिकवला जातो. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रांची जोडणी करणाऱ्या चौदा पुरुषांचे निरीक्षण झाले : नऊ तारा जोडणारे, तीन त्या जोडांना डाग देऊन (सोल्डर करून) पक्के करणारे, दोन तपासनीस. त्यांना वेगळ्या खोलीत बसवले आणि एक निरीक्षक कोपऱ्यात बसला; बाकी कामात काहीही बदलले नाही. काम वाढले नाही. दिवसाला ६,००० ते ६,६०० जोडण्या ही मर्यादा गड्यांनी आपसांत ठरवली होती. जास्त करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे, फार कमी करणाऱ्याची टिंगल होई, आणि साहेबाला चुगली करणाऱ्याला कोणी जवळ करत नसे. मंदीचे दिवस होते. जास्त काम केले तर मजुरीचा दर कापतील किंवा शेजारच्याला घरी बसवतील, अशी त्यांना धास्ती होती. व्यवस्थापनाने याला अविवेक म्हटले. मला त्यात एकमेकांची भाकरी सांभाळण्याचा चोख हिशेब दिसतो.

हार्वर्डचे रोथलिसबर्गर आणि कंपनीचे डिक्सन यांनी १९३९ मध्ये या सर्वांचा सविस्तर वृत्तांत ग्रंथरूपाने दिला. आपल्यावर लक्ष आहे या जाणिवेनेच वागणे बदलते, या कल्पनेला ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव १९५० च्या दशकात रूढ झाले. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्राचे अध्यापक अ‍ॅलेक्स केरी यांनी पुराव्याची कठोर छाननी करून पैशांचा आणि धाकाचा वाटा झाकला गेल्याचे दाखवले. लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उजेडाच्या प्रयोगाचे मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना त्या परिणामाच्या फारच पुसट खुणा आढळल्या. चौदा जणांच्या खोलीतले निरीक्षण मात्र कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल.

गटाची ही ताकद कामाच्या मांडणीतच वापरण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग भारतात झाला. १९५३ मध्ये कामाच्या जागेतील मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांच्या खात्यात प्रत्येकाला एकच तुटक काम नेमून दिलेले होते. राइस यांनी छोट्या गटाकडे मागांचा अख्खा संच सोपवण्याची कल्पना मांडली. ती ऐकताच कामगारांनी ती उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करायचे हे आपले आपण ठरवले.